भुतं असतात का, आणि असली तर त्यांना आपल्यासारखी समज असते का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की घणसोलीत भाड्याचा फ्लॅट घेतल्यापासून रात्री घरात कुणीतरी आहे असं वाटतं, आणि ते नुसतं वावरत नाही, तुमच्याकडे बघतं, तुम्ही काय करताय ते त्याला कळतं, म्हणून तुम्हाला जाणून घ्यायचंय की भुतं खरी असू शकतात का आणि त्यांना बुद्धी, जाणीव वगैरे असते का. मी कोपरखैरण्याला राहतो, महापे एमआयडीसीत एसी प्लांटच्या मेंटेनन्सला १६ वर्षं झाली, त्यातली निम्मी नाइट शिफ्टमध्ये गेली, आणि दोन वर्षांपूर्वी माझी आई गेली. त्यामुळे ह्या प्रश्नावर मी खूप विचार केलाय, जमेल तसं सांगतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तुम्हाला जे जाणवतंय ते तुम्हाला खरंच जाणवतंय, त्यात मला काडीची शंका नाही. पण मेलेल्या माणसाची समज, आठवणी, राग-लोभ शरीराशिवाय शिल्लक राहतात आणि आपल्या खोलीत येऊन उभे राहतात हे मला आता पटत नाही. पूर्वी पटायचं. आमचं गाव संगमेश्वरकडे, तिकडे मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, चकवा रानात वाट चुकवणार आणि देवचार गावाची राखण करणार, पण त्याचा मान द्यायचा राहिला तर तो रुसणार, हे सगळं आम्ही बाराखडीसारखं शिकलो. ह्या सगळ्यांना बुद्धी असते हे आम्ही धरूनच चालायचो, रुसायला बुद्धी लागतेच की.

मला स्वतःला दिसलंय, म्हणून हे बोलतोय. सकाळी आठला शिफ्ट सुटली की घरी येऊन पडदे ओढून झोपायचो. एकदा डोळे उघडले, पंखा फिरताना दिसतोय, किचनमधून कुकरची शिट्टी ऐकू येतेय, आणि कपाटापाशी कुणीतरी उभं. चेहरा नाही, नुसता काळा उंच आकार. हात हलेना, छातीवर सिमेंटची गोणी ठेवल्यासारखं ओझं, बायकोला हाक मारायला गेलो तर घशातून आवाज फुटेना. आणि ते माझ्याकडे बघतंय हे मला पक्कं माहीत होतं, कसं माहीत ते सांगता येणार नाही. तिसरी शिट्टी झाली आणि एकदम सुटलो, अंग घामाने भिजलेलं. गावाला ह्याला भुताने दाबलं म्हणतात. डॉक्टर स्लीप पॅरालिसिस म्हणतात, स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू अंगाचे स्नायू जवळजवळ बंद करून ठेवतो, आणि कधीकधी जाग आधी येते आणि स्नायू मागून सुटतात, मधल्या वेळात खोली खरी दिसते आणि तिच्यात स्वप्न मिसळतं. झोपेच्या वेळा बिघडलेल्यांना हे जास्त होतं. जपानमध्ये ह्याला कानाशिबारी म्हणतात, कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये छातीवर म्हातारी बसली म्हणतात. माणसं वेगळी, देश वेगळे, छातीवरचं ओझं मात्र सारखंच.

आता "ते बघतं, त्याला कळतं" हा जो तुमचा मुद्दा आहे त्याच्यासाठी एक गोष्ट सांगतो, मला ती फार महत्त्वाची वाटते. स्वित्झर्लंडमध्ये ओलाफ ब्लांके नावाचे मेंदूचे डॉक्टर आणि त्यांच्या टीमने २००६ मध्ये एक केस छापली. २२ वर्षांची मुलगी, फिट्सचा त्रास, ऑपरेशनच्या आधी तपासणीसाठी मेंदूत डाव्या बाजूला, कानाच्या वरच्या मागच्या भागात हलका करंट देत होते. करंट दिला की तिला आपल्या मागे कुणीतरी आहे असं वाटायचं. ती आडवी तर तेही तिच्याखाली आडवं, ती बसून गुडघ्यांना मिठी मारते तर ते मागून तिला मिठी मारतंय. मग तिला कार्ड वाचायला दिलं तर ती म्हणाली की तो कार्ड घ्यायला बघतोय, मी वाचू नये असं त्याला वाटतंय. म्हणजे त्या सावलीला इच्छा होती, हेतू होता! करंट बंद केला की सावली गायब. आपलं शरीर कुठे आहे, कसं आहे ह्याचा हिशोब ठेवणारा मेंदूचा भाग गडबडला तर तिचं स्वतःचंच शरीर तिला दुसरा माणूस म्हणून जाणवतं, असं ब्लांके म्हणतात. हे वाचल्यापासून कपाटाजवळचा तो माझ्याकडे कुणाच्या डोळ्यांनी बघत होता ते मला कळलं.

माझ्या लाइनमधलंही एक सांगतो. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत व्हिक टँडी नावाच्या इंजिनिअरला लॅबमध्ये काम करताना डोळ्याच्या कोपऱ्यात राखाडी आकृती दिसायची, वळला की गायब. दुसऱ्या दिवशी त्याने तलवारबाजीचं पातं व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाला लावलेल्या पकडीत, धरलं तर ते आपोआप थरथरायला लागलं. शोधलं तर नवीन बसवलेला एक्झॉस्ट फॅन, सेकंदाला साधारण १९ कंपनं, कानाला ऐकू येत नाही एवढा खालचा आवाज. त्याने हे १९९८ मध्ये छापलं आणि आमच्यासारख्या ब्लोअरवाल्यांना ते लगेच पटतं. पण पुढे लंडनच्या लोकांनी मुद्दाम एक खोली तयार करून, असा आवाज आणि चुंबकीय क्षेत्र कधी चालू कधी बंद ठेवून ७९ जणांना आत पाठवलं, २००९ मध्ये ते छापून आलं, तर चालू असो की बंद, लोकांच्या अनुभवात काही फरक पडला नाही. आत जाण्याआधी त्यांना सांगितलेलं होतं की काहीतरी विचित्र वाटू शकतं, बहुतेक तेवढंच पुरलं. म्हणून प्रत्येक भुताला फॅन जबाबदार असं मी म्हणणार नाही.

मला खरं जे सांगायचंय ते आईबद्दल आहे. तिला स्ट्रोक आला, मेंदूच्या डाव्या बाजूला. हात-पाय महिन्याभरात बरेच सुधारले पण शब्द गेले. एकदा मी चहा दिला, साखर ढवळायची होती, तिने चमच्याकडे बोट केलं आणि म्हणाली "ते... ते पाणी". मग स्वतःच मान हलवली, नाही म्हणून. शब्द चुकला हे तिला कळत होतं, बरोबरचा शब्द मात्र येत नव्हता, आणि डोळ्यांत पाणी. माझं नाव तिला चार महिने आलं नाही. फ्रान्समध्ये पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरने १८६१ मध्ये असाच एक पेशंट बघितला होता, तो फक्त "टॅन" एवढंच बोलायचा, आणि तो गेल्यावर त्याच्या मेंदूचा डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालेला सापडला. आता तुम्हीच विचार करा, जिवंतपणी मेंदूचा एवढासा तुकडा गेला तर "चमचा" हा शब्द जातो, पोटच्या मुलाचं नाव जातं, मग अख्खा मेंदू चितेवर गेल्यावर तीच बाई सगळी नावं, सगळे हिशोब, सगळी नाराजी घेऊन परत कशी येईल? ह्या प्रश्नाचं उत्तर मला आजपर्यंत कुणी दिलं नाही.

दहाव्याला खाडीकाठी गेलो होतो. पिंड ठेवला, बाजूला तिच्या आवडीचा बटाटेवडा आणि चहाचा कप. कावळे खारफुटीवर बसलेले पण खाली एकही येईना. पाऊण तास गेला. गुरुजी म्हणाले नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववू. तेव्हा मामा पुढे झाला, हात जोडले आणि म्हणाला, "अक्का, पोरीची काळजी करू नको, तिचं सगळं आम्ही बघू." ताईचा तेव्हा घटस्फोट चालला होता. आणि मामा मागे सरकला, आम्ही पण सरकलो, आणि एक कावळा आला, वडा उचलला, मग पिंडाला चोच मारली. त्या क्षणी मला शंभर टक्के वाटलं की आईने ऐकलं. मी रडलो. आजही ते आठवलं की गळा दाटतो आणि ते रडणं खोटं होतं असं मी कधीच म्हणणार नाही.

पण नंतर लक्षात आलं की आम्ही दहा-बारा जण पिंडाच्या अंगावर उभे होतो आणि मामाचं बोलणं झाल्यावर पहिल्यांदाच सगळे मागे सरकलो. कावळा माणसं ओळखतो, चेहरे ध्यानात ठेवतो, अमेरिकेत सिअॅटलच्या विद्यापीठात २००६ पासून जॉन मार्झलफ ह्यांनी मुखवटा घालून कावळे पकडले तर पुढे कितीतरी वर्षं ते कावळे तोच मुखवटा दिसला की ओरडत अंगावर यायचे. आणि २०२० मध्ये जर्मनीच्या ट्युबिंगनमध्ये आंद्रेआस नीडर ह्यांनी दाखवलं की कावळ्याला आपण काय बघितलं ह्याची जाणीव असते, अगदी मंद प्रकाश दिसला की नाही हे तो सांगतो आणि मेंदूच्या पेशी त्याप्रमाणे वागतात. म्हणजे त्या घाटावर आमच्याशिवाय आणखी एक समज असलेला जीव नक्की होता, तो फांदीवर बसून आम्ही कधी लांब जातोय ते बघत होता.

वर्षश्राद्धाला गावाला मावशीच्या अंगात आई आली. मावशी घुमायला लागली, केस सुटले, आणि आईसारखंच "बाळ्या, जेवलास का रे" म्हणाली, घरातल्या बायका रडायला लागल्या. मी पाया पडलो आणि विचारलं, आई, पोस्टाचं पासबुक कुठे ठेवलंस? कारण स्ट्रोकच्या आधी तिने ते कुठेतरी ठेवलं होतं आणि नंतर तिला सांगता येत नव्हतं, आम्ही घर पालथं घातलं होतं. मावशी म्हणाली, "मिळेल, मिळेल, घरातच आहे." पुढे आठ महिन्यांनी शिलाई मशीनच्या खालच्या खोक्यात, ब्लाउजच्या कापडांत गुंडाळलेलं सापडलं. मावशी नाटक करत होती असं मला अजिबात वाटत नाही, सख्खी बहीण गेली होती तिची. पण "बाळ्या" मावशीला माहीत होतं आणि पासबुक माहीत नव्हतं. भुताच्या बुद्धीची परीक्षा इथेच होते. खोलीतल्या कुणालाच माहीत नसलेली एक तरी गोष्ट त्याने सांगावी. हॉस्पिटलमध्येही हा प्रयोग झालाय, सॅम पार्निया नावाच्या डॉक्टरांनी १५ हॉस्पिटलांत छताजवळ फळ्यांवर चित्रं ठेवली, वरून बघितलं तरच दिसतील अशी, हार्ट बंद पडून परत आलेल्यांना विचारायला. २०१४ च्या रिपोर्टमध्ये २०६० केसेस होत्या, त्यातले जे वाचले आणि ज्यांच्याशी बोलता आलं त्यांच्यापैकी चित्र दिसलं असं एकानेही सांगितलं नाही. एकाने आजूबाजूला काय चाललं होतं ते बरंच बरोबर सांगितलं, पण नेमकी तिथे फळी नव्हती. असा पुरावा उद्या आला तर मी सगळ्यांत आधी आनंदाने मान्य करीन, आईशी एकदा नीट बोलायला मिळावं असं कुणाला वाटणार नाही?

तुम्ही शेवटी लिहिलंय की तुमची आई भगताला बोलवायचं म्हणतेय. आईला दुखवू नका, तिची काळजी खरी आहे. पण भगत उतारा ठेवण्यावर थांबला नाही, मारझोड, मिरचीची धुरी, साखळीने बांधणं असलं काही सुरू केलं तर तो आपल्याकडे गुन्हा आहे, नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी हा जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या होत्या. झोप लागत नसेल, मन सैरभैर असेल तर टेलिमानस ह्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि एक गोष्ट तुमच्या लिहिण्यात मला खटकली. तुम्ही म्हणता की रात्री उशिरा येऊन गरम पाण्याने आंघोळ करून झोपता, सकाळी डोकं जड असतं आणि मळमळतं, आणि डिसेंबरपासून हे वाढलंय. गीझर गॅसचा आहे का? बाथरूममध्येच लावलाय का, खिडकी बंद असते का? कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो. १९२१ मध्ये अमेरिकेत डोळ्यांच्या डॉक्टरांच्या मासिकात एका कुटुंबाची हकीकत छापून आली होती, जुन्या घरात राहायला गेल्यावर पावलांचे आवाज, घरात कुणीतरी असल्याची जाणीव, सतत डोकेदुखी, कुंड्यांतली झाडं पण मरायला लागली, आणि शेवटी कळलं की भट्टी बिघडलेली होती आणि धूर घरात शिरत होता. भट्टी दुरुस्त झाली आणि सगळं थांबलं. म्हणून आज रात्री गीझर लावू नका, पाणी गॅसवर तापवा, किचनची खिडकी उघडी ठेवून. उद्या मालकाला सांगून मेकॅनिक बोलवा आणि गीझर बाथरूमच्या बाहेर काढून घ्या. डोकं फारच जड झालं तर थांबू नका, मोकळ्या हवेत या आणि सरळ हॉस्पिटलला जा. चार-पाच दिवसांनी इथेच कळवा, मी बघत राहीन.