जलपर्णी परत आली आणि झोप उडाली

‘गेल्या उन्हाळ्यात गोदावरीचा अख्खा पट्टा मोकळा केला. यंदा पुन्हा हिरवागार. मग कशाला मरायचं?’ नाशिकच्या एका शिक्षिकेचा हा प्रश्न (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). नदीसाठी राबणाऱ्या गटांतून तो हमखास येतो. बाईंची झोप गेली होती, निर्माल्य टाकणाऱ्यांशी रोज वादावादी, आणि मध्यरात्रीही ग्रुपवर उत्तरं देणं चालूच.

अशा माणसाला ‘सकारात्मक राहा’ म्हणणं म्हणजे अपमानच. म्हणून आधी जलपर्णीचंच बोललो. सांडपाण्यावर पोसलेल्या उबदार पाण्यात ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं, तुटलेल्या तुकड्यालाही फुटवा येतो. उपसलेला ढीग काठावरच राहिला, तर पहिल्या पुरात पुन्हा पाण्यात. वरच्या नाल्यातून मैला येतोय तोवर ती येणारच. हे ऐकून बाई आधी रडल्या, मग चिडल्या. चिडल्या ते बरं झालं. दोष स्वतःवरून हलला होता.

मग ठरलं: 1465 किलोमीटरच्या नदीऐवजी आता एकच नाला. तो मिळतो त्याच्या वर आणि खाली, महिन्यातून एकदा, पाण्यातला विरघळलेला प्राणवायू मोजायचा. वेळ तीच हवी, कारण पहाटे आकडा कमी येतो, दुपारी जास्त. नदीत आंघोळ करायची तर पाण्यात लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम लागतो. आकडे आणि फोटो महापालिकेत लेखी द्यायचे, पोच घ्यायची. जलपर्णी पूररेषेच्या वर नेऊन वाळवायची.

झोपेसाठी, नदीची काळजी संध्याकाळी पंधरा मिनिटं वहीत उतरवायची. अंथरुणात वीसेक मिनिटं डोळा लागला नाही तर उठून बसायचं. ग्रुपवर उत्तरं देण्याची पाळी आठवड्याला बदलायची. हे लगेच फिसकटलं: ज्या काकांची पाळी ते गप्प, आणि बाईंच्या हातात पुन्हा फोन. मग पाळी दोघादोघांची केली आणि रात्री नऊनंतर ग्रुप म्यूट.

दोन आठवडे रोज दिवसभर उदास वाटत असेल, कशातच रस नसेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. जगणं नको वाटलं तर एक दिवसही थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास मोफत आहे.

निर्माल्याची भांडणं अजून मिटलेली नाहीत. घाटावरच्या निर्माल्य कलशाशेजारी आता बाईंऐवजी तिथल्याच फुलवाल्या मावशी असतात. त्यांचं लोक ऐकतात, कारण फुलं त्यांच्याकडूनच घेतलेली असतात.