वीजव्यवस्थेच्या नियोजनात समाजाचा विचार म्हणजे नेमका कशाचा?

तुम्ही विचारलंय, पुरेशी वीज तयार झाली, तारा टाकल्या, मग यात समाज कुठे येतो? माझ्या मते तो सगळ्यात आधी वेळापत्रकात येतो.

आमची जुन्नर तालुक्यात उसाची शेती. शेतीपंपांची थ्री फेज लाईट पाळीने यायची, काही दिवस दिवसा 8 तास, काही दिवस रात्री. कारण पटण्यासारखं आहे. रात्री बाकीची मागणी उतरते, कोळशावर चालणारे औष्णिक संच मात्र चटकन बंद-चालू करता येत नाहीत. ती वीज शेतीला दिली की भार समतोल राहतो. पण त्या समतोलासाठी आमचे आप्पा रात्री दोन वाजता उसात दारं धरायला, म्हणजे सरीसरीत पाणी सोडायला उभे असायचे. एका हातात बॅटरी, एका हातात खोरं. आई बांधावर बसून मोठमोठ्याने बोलत राहायची, बिबट्या लांब राहावा म्हणून. पायाखाली पाचट आहे की साप, ते पाय पडल्यावरच कळायचं.

मग लोक स्टार्टरला ऑटो स्विच बसवतात. माणूस घरी झोपतो, लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते, पाणी सरी फोडून ओढ्याला जातं. डीपीवरच्या, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्या मोटरी एकदम उचलल्या की डीपी जळतो आणि ऐन उन्हाळ्यात पीक वाळतं. माणसाचा विचार केला नाही, त्याचा भुर्दंड असा यंत्रणेलाही बसतो.

म्हणून 2017 मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मला मोलाची वाटते. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्यावर शेतीच्या फीडरला, म्हणजे पंपांना वीज नेणाऱ्या वाहिनीला, दिवसा वीज द्यायची. 2023 च्या दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये भाडं ठरलं.

हे भाडं ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला मिळतं. प्रकल्प गायरानावरही होतात, आणि तिथे भूमिहीनांच्या शेळ्या चरतात. भर दुपारी शेळ्या झाडाखाली बसलेल्या असतात, तेव्हा गायरान रिकामंच दिसतं. तुम्ही या कामात असाल तर जागा बघायला सकाळी लवकर जा. कुंपण कुठून घालायचं ते ठरवण्याआधी शेळ्या राखणाऱ्या बाईला विचारा, पाण्यावर जायची वाट कुठून आहे.