चाळिशीनंतर शिवणकाम, चित्रकला आणि फोटोग्राफी एकदम सुरू करावी का, की एकच छंद धरावा?

तुम्ही लिहिलंय की वय 42, शिवणाची, चित्रांची आणि केलेल्या वस्तूंचे फोटो काढायची अशी तिन्हीची ओढ आहे, आणि घरचे म्हणतात "आधी एक तरी धड कर". मी 47 चा. सांगलीत एका खाजगी कंपनीत हिशेब लिहितो. "एक धड कर" हे वाक्य आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता ते घरातल्या घड्याळाच्या टोल्यांसारखं वाटतं. माझं उत्तर: तिन्ही करा. मी मात्र तीन छंद ठरवून धरले नव्हते. एकात आपटलो की त्याचं कारण शोधत दुसऱ्यात शिरलो.

2019 च्या पावसाळ्यात आईचे गुडघे असे धरले की तिचं पायमशीन बंद पडलं. काळं मशीन, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, टेबलाच्या खणात जुन्या शर्टांची बटणं आणि पार गंजलेली एक चिकटपट्टीची डबी. "भंगारात देऊ नकोस. त्यापेक्षा तूच चालव," असं ती चेष्टेत म्हणाली. मी बसलो. पहिले चार दिवस तिने मला दोरा ओवूच दिला नाही. नुसतं पायडल. वरचं चाक हाताने आपल्याकडे फिरवून द्यायचं आणि पायाने तोच वेग धरायचा. लय चुकली की चाक उलटं फिरतं, आणि दोरा ओवलेला असेल तर तो तटकन तुटतो. ते जमल्यावर मुलाच्या वहीतलं रेघांचं पान लावून बिनदोऱ्याची सुई रेघेवरून न्यायची. पानाला सरळ भोकांची ओळ पडली की पास. हे पान लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

मग दोरा ओवला आणि टिपेच्या खालच्या बाजूला जाळं व्हायला लागलं. वरून टीप छान, कापड उलटं केलं की दोऱ्याचा गुंता. खाली गुंता म्हणजे खालचं काहीतरी बिघडलं असणार, असं धरून मी तीन संध्याकाळी बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याची रिळी बसते त्या डबीचा, बारीक स्क्रू पिळत बसलो. एका दुरुस्तीवाल्याकडेही नेलं. त्याने तेल घातलं, पैसे घेतले, जाळं तसंच. शेवटी आईने चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "दोरा ओवताना फूट वर होता का खाली?" खाली होता. फूट म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणारा मशीनचा पाय. मशीनची टीप म्हणजे वरचा आणि खालचा असे दोन दोरे कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात. वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या दोन चकत्या असतात. फूट खाली असला की त्या घट्ट मिटलेल्या असतात, मग ओवलेला दोरा त्यांच्या मध्ये बसतच नाही, वरवर लोंबतो, आणि सैल पडलेला तो दोरा खाली ओढला जाऊन गुंता करतो. खालचं जाळं ही वरची चूक असते. उलट वरच्या बाजूला खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसायला लागले तर वरचा ताण जास्त झालाय. फूट वर करून ओवा आणि मगच शिवा. माझ्या तीन संध्याकाळी यात गेल्या, तुमच्या जाऊ नयेत.

सुयांचं थोडक्यात सांगतो: पातळ कापडाला 11, नेहमीच्या सुतीला 14, जाडाला 16. सुई बोथट झाली की मशीन कापड ठोकल्यासारखा आवाज करतं. आवाज बदलला की सुई बदला, फुकट काटकसर करू नका.

पहिला कुर्ता मी स्वतःसाठी शिवला. सरावाला मांजरपाट, म्हणजे जाडंभरडं स्वस्त सुती कापड घ्यावं, हे आईचं सांगणं न ऐकता थेट चांगलं सुती कापड आणलं आणि न भिजवता कापलं. पहिल्या धुण्यात मीटरमागे चारेक सेंटिमीटर गेले आणि कुर्त्याचा जवळजवळ शर्ट झाला. पण आटण्यापेक्षा वाईट गोष्ट वेगळी होती: हात पुढे केला की मुंढ्यापाशी, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईपाशी, पुढून कापड गोळा व्हायचं आणि पाठीत ओढायचं. मी पुढचा आणि मागचा मुंढा एकसारखा कापला होता. आई म्हणाली, "पुढचा जास्त खोल घ्यायचा असतो." का, ते तिला सांगता येईना. तिच्या हाताला ते ठाऊक होतं, तोंडाला नव्हतं.

चित्रकला सुरू झाली ती इथून. शाळेत मी एलिमेंटरीची परीक्षा दिली होती, सी ग्रेड. वस्तुचित्रातल्या तांब्याचं तोंड मला कधी गोलसर काढता आलं नाही, ते नेहमी लिंबाच्या फोडीसारखं टोकदार व्हायचं. तीस वर्षं पेन्सिल धरली नव्हती. त्या रात्री बायको टीव्ही बघत बसली होती, तिचा खांदा आणि दंड मी बाजूने काढला. मुलाच्या वहीत, साध्या एचबीने. चित्र म्हणून टाकाऊच होतं, पण काढताना दिसलं की खांदा पाठीच्या रेषेत नसतो, पुढे झुकलेला असतो, आणि हात त्याहून पुढे लोंबतो. म्हणजे पुढे कापड कमी लागतं आणि पाठीला जास्त. आईच्या "पुढचा जास्त खोल" चा अर्थ मला रेघ ओढल्यावर कळला. तेव्हापासून काहीही कापण्याआधी मी ते पुढून, मागून आणि बाजूने असं तीनदा काढतो. बाजूचं चित्र सगळ्यात उपयोगाचं, आणि लोक नेमकं तेच गाळतात.

पुढे चित्रांचा जाड कार्ट्रिज पेपर आणला, 2बी, 4बी, 6बी अशा मऊ, काळ्या पेन्सिली आणल्या. कापडाच्या चुण्या काढणं हा अभ्यास कुणालाही घरी करता येतो: पंचा खिळ्याला एका टोकाने अडकवा, बाजूला खिडकी असू द्या आणि बसा. चुणीची सावलीतली बाजू सगळीकडे सारखी काळी नसते. सगळ्यात काळा पट्टा मधे असतो आणि कडेकडे ती पुन्हा किंचित उजळते, कारण शेजारच्या कापडावरून उजेड परत येतो. हा उलटा उजेड सोडला की पंचा पत्र्याचा दिसतो. माझा वर्षभर पत्र्याचाच होता.

आता ते भोकांचं पान. भाचीच्या बाळासाठी झबलं शिवत होतो. छातीवर बाळाचं नाव आणि खाली वेल, साखळी टाक्यात. नक्षी कापडावर उतरवायची जुनी रीत अशी की ट्रेसिंग पेपरवर चित्र काढायचं, रेषांवर सुईने टोचे मारायचे, कागद कापडावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ कापसाच्या बोळ्याने वरून फिरवायची. भोकांतून ठिपके खाली उतरतात. मला सुचलं की टोचे हाताने कशाला? बिनदोऱ्याचं मशीन चित्राच्या रेघेवरून नेलं. दहा मिनिटांत काम झालं, भोकं एकसारखी. रॉकेल आता कुठून आणायचं, म्हणून निळ्या चॉकची पूड वापरली. या हुशारीच्या भरात कागद उलटा ठेवला. वेल उलटी झाली तरी वेलच राहते, नाव राहत नाही. तीन अक्षरी नाव आरशातलं उतरलं आणि ते माझ्या लक्षात आलं दोन अक्षरं भरून झाल्यावर. साखळी टाका उसवायला सोपा, शेवटचं टोक सोडवून ओढलं की सरसर सुटतो, पण मलमलीवर भोकं राहिली. त्या भोकांवर एक पोपट भरला. बारशात सगळ्यांनी पोपटाचंच कौतुक केलं आणि मी गप्प बसलो.

त्या झबल्यापासून फोटोचं प्रकरण सुरू झालं. पांढरं झबलं मोबाइलवर राखाडी, मळकट यायचं. पांढऱ्या चादरीवर ठेवलं तर आणखी मळकट. त्याचं कारण असं: समोरचं दृश्य सरासरी मध्यम उजेडाचं आहे असं कॅमेरा गृहीत धरतो. सगळंच पांढरं दिसलं की त्याला उजेड फार वाटतो आणि तो फोटो अंधारा करतो. काळ्या कापडाचं बरोब्बर उलट, ते राखाडी फिकं येतं. म्हणून पांढऱ्याला उजेड वाढवायचा, काळ्याला कमी करायचा. स्क्रीनवर बोट टेकलं की शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, तेच वरखाली करायचं. मनाला हे उलटं वाटतं, पण करून बघा. दुसरं म्हणजे खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र घेऊ नका. एक बाजू निळसर आणि दुसरी हिरवट-पिवळी झाली तर कुठल्याच ॲपने ती नीट होत नाही. दिवा बंद करा, खिडकीशी बसा आणि सावलीच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा. माझा स्टुडिओ एवढाच.

खणाच्या बटव्याने मात्र मला खरा घाम फोडला. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण, जांभळा. हातात घेतला की कधी जांभळा, कधी लालसर, फोटोत मात्र एकच मेलेला रंग. मी चाळीसेक फोटो काढले. मग भिंग घेऊन विणीकडे बघितलं: उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या. कापड कलतं तसा कधी हा दोरा जास्त चमकतो, कधी तो. सपाट ठेवलेल्या बटव्याला एकच कोन असतो, मग दुसरा रंग दिसणार कुठून? शेवटी बटव्याचं झाकण अर्धवट उघडं ठेवलं, नाडीपाशी दोन चुण्या पाडल्या आणि उजेड बाजूने घेतला. एका चुणीवर जांभळा, दुसरीवर लाल. चुण्या कुठे पाडायच्या हे पंच्याच्या चित्रांनी शिकवलं होतं, बरं का. घरी कुणाला "तीन छंद कशाला" असं वाटत असेल तर त्यांना हा बटवा सांगा.

आणि वाकळ, म्हणजे गोधडी. गावाकडच्या आत्याने दोन जुनी नऊवारी लुगडी दिली आणि शिवायला स्वतः शेजारी बसवून घेतलं. मशीन नाही, हाताने धावदोरा. मी सुई कापडात ढकलत होतो, बोटं सोलली. तिने हातावर चापट मारली. "आरं, सुई कशाला ढकलतोस? सुई धर गप, आन कापाड चढव तिच्यावर." सुई जवळजवळ स्थिर, डाव्या हाताने कापड वरखाली हलवायचं, पाच-सहा टाके सुईवर गोळा झाले की एकदम ओढायचं. कडेपासून सुरुवात, चौकोनात फिरत फिरत आत. अडीच महिने लागले, तेही रविवार-रविवारचे.

वाकळीचा फोटो ती गच्चीवर दोरीवर टाकून दुपारी बाराला काढला. ऊन भरपूर, रंग झकास, पण वाकळ कागदावर छापल्यासारखी सपाट आली. एवढे अडीच महिने कुठे गेले त्यात? ती तशीच राहू दिली आणि साडेपाचला सहज वर गेलो. ऊन कलतं झालं होतं, वाकळीवरून घसरत येत होतं, आणि प्रत्येक टाक्याच्या ओळीमागे सावलीची बारीक नाली पडली होती. नांगरलेलं रान दिसावं तशी. तेव्हा काढलेला फोटो आत्याला पाठवला. तिचा फोन आला: "खालच्या अंगाला तीन वळी वाकड्या गेल्यात बघ." खरंच होत्या. बाराच्या फोटोत त्या दिसल्याही नसत्या. वाकळ खाली अंथरून वरून फोटो काढायचा असेल तर एक सांगतो: स्टुलावर उभं राहून मोबाइल कलता धरला की चौकोन वरच्या बाजूला निमुळता येतो. स्क्रीनवरच्या जाळीच्या रेघा चालू करा, मोबाइल जमिनीला समांतर धरा आणि स्टूल धरायला कुणालातरी बोलवा. मी बोलवलं नव्हतं. डावा कोपर अजून पावसाळ्यात सांगतो.

खर्चाचं विचारलंत. नवं मशीन लगेच घेऊ नका; नात्यात कुणाकडे तरी जुनं पडून असतंच, पट्टा बदलला आणि तेल घातलं की चालतं. कॅमेराही नको. पैसे कात्रीवर घाला. चांगली कात्री घ्या आणि ती कुणालाही कागद कापायला देऊ नका, घरातल्यांनाही. आमच्याकडे यावरून एकदा दोन दिवस अबोला झालाय.

लोक काय म्हणतील, हेही तुम्ही विचारलंत. पुरुष मशीनवर बसलाय म्हटल्यावर सुरुवातीला हसले. मग खालच्या मजल्यावरच्या काकू फॉल-बिडिंगच्या दोन साड्या घेऊन आल्या. हसणं थांबलं, साड्या थांबत नाहीत. आत्ता टेबलावर त्यांच्याच नातीचा फ्रॉक पडलाय, मागे लपवी चेन बसवायची आहे. ती मला अजून सरळ जमलेली नाही; दोनदा उसवली, दोन्ही वेळा कमरेच्या शिवणीपाशी एक बाजू वर आणि एक खाली. तुम्हाला किंवा वाचणाऱ्या कुणाला याची युक्ती माहीत असेल तर रविवारच्या आत सांगा, तिचा वाढदिवस आहे.