कार्ब्युरेटर गोठतो का?

प्रश्न असा आहे: ‘कार्ब्युरेटर गोठल्याने छोटे विमान कोसळले’ असे बातमीत छापून आले. (कार्ब्युरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून ते मिश्रण इंजिनाला पुरवणारा भाग.) त्या दिवशी थंडी नव्हती. मग ‘गोठणे’ हे क्रियापद इथे बरोबर आहे का?

माझ्या मते नाही. गोठतो तो द्रव: पाणी गोठते, रक्त गोठते. इथे वाचकाला वाटणार की पेट्रोल गोठले. पण विमानाचे पेट्रोल उणे 58 अंशांपर्यंत गोठत नाही. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते तेव्हा तिचा दाब उतरतो आणि त्यातच पेट्रोलची वाफ होते. हातावर स्पिरिट घेतले की गार लागते, त्याचाच हा मोठा प्रकार. तिथले तापमान 30 अंशांनीही घसरू शकते. म्हणून बाहेर 20-25 अंशांची, अगदी सुखद पण दमट हवा असली तरी हवेतल्या बाष्पाचा बर्फ होतो आणि थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात जाणारे मिश्रण कमी-जास्त करणाऱ्या, झडपेभोवती वाट अडवतो. उतरताना थ्रॉटल कमी केलेले असते, तेव्हा हा धोका अधिक.

‘बर्फ जमला’ हे हिंदीतून आले आहे. मराठीत माणसे जमतात, ढग जमतात. ‘साचला’ चालेल, पण साचते ते बहुधा दुसरीकडून आलेले: पाणी, कचरा. उभ्या विमानावर पडलेला हिम साचतो. जे जागच्या जागी तयार होऊन चिकटते त्यासाठी आपल्याकडे ‘धरणे’ आहे. काचेला काजळी धरते, दुधावर साय धरते, जखमेवर खपली धरते. तेव्हा ‘कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरला’ हेच मला नेमके वाटते. फक्त त्याचे नाम करण्याच्या मोहात पडू नये. ‘बर्फधारणा’ वाचून लोक भलतेच अभिनंदन करतील.

जाता जाता, बर्फ वितळतो. विरघळते ती साखर. हा फरक इथे महत्त्वाचा आहे, कारण उपाय वितळवण्याचाच असतो. एक्झॉस्टजवळ तापलेली हवा कार्ब्युरेटरकडे वळवतात. वैमानिक तिला ‘कार्ब हीट’ म्हणतात, आणि तो शब्द तसाच राहू द्यावा. ती दिल्यावर वितळलेले पाणी इंजिनात जाते आणि काही क्षण इंजिन आधीपेक्षा जास्त धडधडते. घाबरून ती बंद केली तर अडथळा तसाच राहतो.

बातमीतला ‘-ल्याने’ हा प्रत्ययही मला खटकतो. पडलेल्या विमानाचे इंजिन गरम असते, त्यामुळे तपास पथक पोहोचेपर्यंत बर्फ उरत नाही. कार्ब्युरेटर उघडला तर तो स्वच्छ असतो. मग त्या वेळचे तापमान, आर्द्रता आणि इंजिनात दुसरा बिघाड नसणे यांवरून अंदाज बांधावा लागतो. म्हणून मी लिहीन: ‘कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरून इंजिनाची ताकद गेली असावी.’