कोल्हापूरजवळच्या वडणग्याकडच्या 3 एकरांत घरं एका बाजूला, मोकळी जागा एकत्र आणि रस्त्याला दुकानं, असं मंजूर होतं का?

तुम्ही लिहिलंय की तिघा भावांची मिळून 3 एकर जमीन आहे, खालची पट्टी पुरात जाते आणि अमेरिकेतल्या मेहुण्यांनी ‘प्लॅन्ड युनिट डेव्हलपमेंट’ सुचवलंय. मी कोल्हापुरात लेआउटचीच कामं करतो, म्हणून सविस्तर सांगतो.

मेहुणे म्हणतात ते खरं आहे. तिकडे प्लॉटगणिक नियम न लावता अख्ख्या जमिनीचा आराखडा एकदम मंजूर करतात. घरांची एकूण संख्या ठरते, मग ती उंच भागात दाटीनं बांधा आणि ओढ्याकाठचा भाग मोकळा ठेवा. त्याच आराखड्यात दुकानंही बसतात. बदल्यात नगरपालिका मोकळी जागा आणि रस्ते आधीच कागदावर बांधून घेते.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी एकात्मिक नगर वसाहत (इंटिग्रेटेड टाउनशिप) आहे, पण तिला किमान 40 हेक्टर, म्हणजे जवळपास 100 एकर सलग जमीन लागते. तुमच्या करवीर तालुक्यात गुंठ्यांवर वाटण्या झाल्यात. तिथे एवढी सलग जमीन कोण काढणार?

तरीही हात टेकू नका. 2020 च्या एकत्रिकृत विकास नियमावलीत तिघांची जमीन एकत्र करून ग्रुप हाउसिंगचा, म्हणजे एकाच जमिनीवर अनेक इमारतींचा, आराखडा टाकता येतो. इमारती कुठे उभ्या करायच्या याला त्यात बरीच मोकळीक मिळते. दुकानांचं उत्तर रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, म्हणून समोरचा रस्ता कागदावर किती मीटरचा आहे ते पहिलं बघा. आधी झोन दाखला, म्हणजे जमीन कोणत्या विभागात येते त्याचा दाखला, काढा. जमीन शेती विभागात दाखवली असेल तर सगळं गणितच बदलतं.

आता पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ते नकाशावर दाखवणाऱ्या रेषा. निळी नदीच्या जवळची, लाल तिच्याही वरची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये घर बांधता येत नाही, बाग किंवा मैदान चालतं. निळी ते लाल रेषेच्या पट्ट्यात जोतं उंच घेण्यासारख्या अटी येतात. 2019 चा पूर तुम्ही पाहिलाय, मी वेगळं काय सांगू? खालची पट्टी मोकळी सोडायचा मेहुण्यांचा विचार अगदी बरोबर आहे.

फक्त एक कळकळीनं सांगतो. 10 टक्के मोकळी जागा सोडावीच लागते, तुमच्या 120 गुंठ्यांत साधारण 12 गुंठे. ही सगळी पुराच्या पट्टीत ढकलू नका. मी एका लेआउटमध्ये पाहिलंय, ओपन स्पेस नाल्याकडच्या तिरक्या कोपऱ्यात, गुडघाभर गाजर गवत, आणि पोरं विटांचे स्टंप लावून 9 मीटरच्या रस्त्यावर क्रिकेट खेळतायत. मोटारसायकल आली की डाव थांबतो. निदान 6-7 गुंठे वरच्या अंगाला, घरांच्या मधोमध ठेवा. एक-दोन प्लॉट कमी होतील, भावांना ते पटवावं लागेल.

जयसिंगपूर बघून या. शाहू महाराजांनी 1917 मध्ये वसवलेलं, सरळ गल्ल्यांचं गाव. रस्ते आधी आखले की पुढं काय होतं ते तिथे चालताना कळतं.

मोजणी करून घ्या आणि जुलैच्या पावसात तिघं मिळून बांधावरून फिरा. पाणी जिथं तुंबतं तिथं खुंट्या ठोका. तो नकाशा हातात आल्यावरच आर्किटेक्टकडे जा.