वाचकांचे प्रश्न : पहिला गेमिंग काँप्युटर घरी जोडताना

प्रश्न : सोयाबीनचे पैसे आले की बाबा मॉनिटर सोडून साठ हजार देणार आहेत. तालुक्याच्या दुकानदाराने ‘आय-७, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड’ असा तयार सेट ४५ हजारांत सांगितला. तो घ्यावा, की नागपूरहून पार्ट आणून स्वतः जोडावा? व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळतो, पुढे जड गेमही खेळायचे आहेत.
*– एक विद्यार्थी, ता. आर्णी, जि. यवतमाळ*

उत्तर : नुसत्या ‘आय-७’वरून काहीच कळत नाही. प्रोसेसर कितव्या पिढीचा ते विचारा आणि बिलावर मॉडेल नंबर लिहून मागा. अशा सेटमध्ये बहुधा कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला तिसऱ्या-चौथ्या पिढीचा, म्हणजे दहा वर्षांहून जुना प्रोसेसर असतो. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. शिवाय विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या दोन सुरक्षा सोयी लागतात. तेव्हा तो सेट सोडून द्या.

प्रोसेसर रायझन ५ ५६०० किंवा इंटेल आय-५ १२४००एफ बघा. दोन्हींत सहा कोर, बारा थ्रेड, म्हणजे काम करणारे सहा भाग आणि एका वेळी बारा कामं. पण दोन्हींत स्वतःचं ग्राफिक्स नाही. कार्ड बिघडून वॉरंटीत गेलं, की ते परत येईपर्यंत मशीन आंधळं. खेड्यात राहणाऱ्याने म्हणूनच थोडे पैसे जास्त घालून ‘एफ’ नसलेला साधा १२४०० घ्यावा, असं आमचं मत. कार्ड नसलं तरी त्यावर अभ्यास आणि हलके गेम चालतात.

१०८० रिझोल्यूशनसाठी ८ जीबीचं आरएक्स ६६००, १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० किंवा आरटीएक्स ४०६०, यांतलं वॉरंटीसह जे पदरात पडेल ते घ्या. नाव सारखं दिसलं म्हणून फसू नका. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं कार्ड हे ८ जीबीच्या कार्डातली नुसती मेमरी कमी केलेलं कार्ड नाही, त्यात कोरही कमी आहेत. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसेल, पण ते चारच लेनवर, म्हणजे बोर्डाशी माहितीच्या चारच वाटांवर चालतं. जुन्या पीसीआय ३.० च्या, म्हणजे कार्डाची खाच हळू असलेल्या मदरबोर्डावर ते आणखी मार खातं.

रॅम १६ जीबीची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन घ्या. बोर्ड डीडीआर ४ चा की ५ चा, म्हणजे कुठल्या पिढीची रॅम घेणारा, हे आधी पक्कं करा, कारण एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. रायझनसाठी बी५५० आणि इंटेलसाठी बी६६० किंवा बी७६० बोर्ड पुरेसा आहे. बी४५० घेतलात तर त्याचं बायोस (बोर्ड सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) रायझनच्या ५००० मालिकेसाठी अपडेट आहे का ते दुकानातच चालू करून बघा, नाहीतर घरी आणल्यावर पडदा काळाच राहील.

भाव सारखे हलतात, म्हणून ढोबळ वाटणी देतो. कार्डाला बावीस-चोवीस हजार, प्रोसेसर आणि बोर्डाला मिळून अठराच्या आसपास, एसएमपीएसला (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा) चार-साडेचार, उरलेल्यात रॅम, एसएसडी (गेम आणि फाइल साठवायची ड्राइव्ह) आणि कॅबिनेट. पैसे कमी पडले तर १ टीबीऐवजी ५०० जीबीची एसएसडी घ्या, दुसरी पुढच्या हंगामात बसवता येते. एसएमपीएसमधून मात्र एक रुपया कापू नका.

प्रश्न : कॅबिनेटसोबत ४५० वॅटचा एसएमपीएस फुकट मिळतोय. मग वेगळ्याला चार हजार का घालायचे? आमच्याकडे ओलिताच्या दिवसांत लाइन फार कमी-जास्त होते. घरी इन्व्हर्टर आहे, तो चालेल का?
*– एक शेतकरी, ता. अचलपूर, जि. अमरावती*

उत्तर : एसएमपीएसच्या बाजूला चिकटवलेली पाटी वाचा. मोठ्या अक्षरांतला ४५० सोडा आणि ‘+१२ व्ही’च्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही याच लाइनवर जगतात. तिथे १८ अँपिअर असतील तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. आता मागणी मोजा. आय-५ १२४०० जोरात असताना ११७ वॅटपर्यंत जातो, आरएक्स ६६०० ला १३२ लागतात, पंखे, बोर्ड आणि एसएसडीचे पन्नासेक धरा. तीनशे झाले. फुकटचा एसएमपीएस गेम सुरू होताच मशीन बंद पाडेल. ते परवडलं, कारण कधीकधी तो जळताना बोर्ड आणि कार्डही सोबत नेतो. ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवतो असा शिक्का), नावाजलेल्या कंपनीचा घ्या. पाटीवर इनपुट ‘१००-२४०’ असेल असाच निवडा. ‘२००-२४०’वाला संध्याकाळी १६५ व्होल्टवर दगा देईल.

इन्व्हर्टर साइन वेव्ह, म्हणजे लाइनसारखी गुळगुळीत वीज देणारा असेल तरच चालेल, स्क्वेअर वेव्हवर असे एसएमपीएस कुरकुरतात किंवा बंद पडतात. त्याच्या मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर हवं. दुसऱ्या मोडमध्ये लाइन गेल्यावर बॅटरीवर यायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात मशीन रिस्टार्ट होतं. पण यूपीएस मोडची एक अडचण आहे. साधारण १८० च्या खाली व्होल्टेज गेलं, की तो लाइन गेलीच असं धरतो आणि बॅटरीवर जातो. ओलिताचे पंप रात्रभर सुरू असले तर बॅटरी चार्जच होत नाही आणि ऐन वेळी घरातले पंखेही बंद. त्यापेक्षा काँप्युटरला वेगळा १००० व्हीएचा, ६०० वॅट लिहिलेला यूपीएस द्या. तो खेळायला नाही, गेम सेव्ह करून मशीन नीट बंद करायला. ६०० व्हीएचा साधारण ३६० वॅटच देतो, मॉनिटर धरला तर तो काठावर येतो.

आणि अर्थिंग. कॅबिनेटला उघड्या पायाने हात लावला की झिणझिण्या येत असतील, तर सॉकेटच्या तिसऱ्या छिद्रात बहुतेक काहीच जोडलेलं नाही. वायरमनकडून मीटरने तपासून घ्या. फेज ते अर्थ २३० च्या जवळ आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो आणि तेव्हाच हा आकडा बिघडतो. आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकत जा. डीपीवर न्यूट्रल तुटलं तर घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. वादळ-वारा सुटला, की प्लग काढून ठेवा, बटणावर विसंबू नका.

प्रश्न : मे महिन्यात खोलीत ४२ अंश असतात, वर टिनाचं छप्पर. लिक्विड कूलिंग घ्यावं का? दिवाळीनंतर त्याच खोलीत कापूसही भरतो.
*– एक वाचक, ता. वरोरा, जि. चंद्रपूर*

उत्तर : लिक्विड असो की हवेचं, खोलीपेक्षा थंड कुणीच करत नाही. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७० ला राहत असेल, तर मेमध्ये ४२ अंशांच्या खोलीत तो ८७ च्या आसपास जाईल. रायझन ५६०० ची मर्यादा ९० आहे, तिथे तो स्वतःच वेग कमी करतो. सोबत आलेल्या छोट्या पंख्याऐवजी चार पाइपांचा टॉवर हीटसिंक (प्रोसेसरवरची उष्णता ओढणारा उभा धातूचा कूलर) आणि पुढून जाळी असलेलं कॅबिनेट घ्या. पुढे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर फेकणारा. समोर काच असलेली कॅबिनेटं दिसायला झकास, पण आपल्याकडे ती भट्टी. कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे ते किती वीज खाईल त्याची मर्यादा, सेटिंग देईल तेवढी, ८० टक्क्यांपर्यंत खाली आणा. खेळात फरक थोडाच पडतो, उष्णता मात्र बरीच उतरते.

खिडकीतला कूलर जरूर लावा, पण त्याच्या झोतात कॅबिनेट ठेवू नका. ताट्यांतून उडणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या थेंबांचा पांढरा थर बोर्डावर बसतो. समोरची खिडकी उघडी ठेवा, म्हणजे दमट हवा साचणार नाही.

कापूस भरलेल्या खोलीत मशीन ठेवूच नका, आगीची जोखीम आहे. शेजारच्या खोलीतही तंतू येतात आणि जाळीवर नमदा बसतो. हंगामात दर आठवड्याला जाळी पुसा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या फेकू नका, तिथूनच पाल आत शिरते.

प्रश्न : सगळं जोडलं, पंखे फिरतात, पण पडद्यावर काही नाही. बोर्ड खराब निघाला का?
*– एक वाचक, मूर्तिजापूर, जि. अकोला*

उत्तर : बहुतेक वेळा बोर्ड चांगलाच असतो. या क्रमाने बघा. मॉनिटरची केबल बोर्डात खोचली आहे का? ती खाली, कार्डात हवी. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात प्रोसेसरची आठ पिनांची वायर लावली का? ती राहिली तरी पंखे फिरतात. कार्डाची वायर? मग रॅम काढून प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, टक् आवाज येईपर्यंत दाबा. तरी नाही तर एकच पट्टी लावून बघा. पहिल्यांदा चालू होताना डीडीआर ५ ची मशीनं काही मिनिटं काळीच राहतात, घाईने बंद करू नका.

तेही जमलं नाही, तर बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवा आणि चालू करा. तिथे चालला, तर कॅबिनेटमधला एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो छोटा खुंटा) चुकीच्या जागी आहे आणि बोर्डाला मागून टेकतोय. इंटेलच्या बोर्डात सॉकेटच्या पिना वाकल्यात का तेही उजेडात बघा. सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण जपून ठेवा, ते नसेल तर वॉरंटीत बोर्ड घेताना कटकट करतात.

चालू झालं, की बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) लावा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वरच चालते. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तेही निवडावं लागतं, ते आपोआप होतंच असं नाही.

प्रश्न : मोबाइलच्या नेटवर शंभर जीबीचा गेम कसा उतरवायचा?
*– एक वाचक, ता. कारंजा, जि. वाशिम*

उत्तर : मित्राकडे तोच गेम स्टीमवर असेल तर त्याचं मशीन आणा, दोन्ही एकाच राउटरला लॅन केबलने जोडा आणि स्टीमच्या सेटिंगमध्ये स्थानिक नेटवर्कवरून फाइल घेण्याचा पर्याय चालू करा. डेटा खर्च न होता गेम येतो. गेम तुमच्याही खात्यावर घेतलेला असायला हवा. अपडेटची वेळ रात्री दोन ते सहा अशी बांधून द्या.