नेट कुठे अडतंय? : वाचकांचे प्रश्न, तंत्रज्ञांची उत्तरं

पाऊस लागला की ‘नेट हळू चालतं’ ही तक्रार हमखास सुरू होते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतली सहा पत्रं इथे घेतली आहेत. बहुतेकांनी वेग मोजलाय तो फोनवर, वायफायवरून. त्या आकड्यात तुमची भिंत, तुमचा फोन, शेजाऱ्याचं वायफाय आणि बाहेरची लाइन असं सगळं मिसळलेलं असतं, त्यामुळे दोष कुणाचा हे त्यावरून कळत नाही. पुढे जिथे वेग मोजायला सांगितलाय तिथे आम्ही वायर लावून मोजायला सांगितलंय, ते त्याचसाठी.

प्रश्न : आमचा १५० एमबीपीएसचा प्लॅन आहे. हॉलमध्ये फोनवर ४० च्या आसपास दाखवतं, माडीवरच्या खोलीत जेमतेम ८. ऑपरेटर म्हणतो, ३०० चा प्लॅन घ्या. घ्यावा का?
– टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आत्ता मुळीच घेऊ नका. आधी लॅपटॉपला राउटरमधून लॅनची वायर लावा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा, घरातले बाकीचे फोन आणि टीव्ही पाच मिनिटं बंद ठेवा आणि तीनदा वेग मोजा.

१४० च्या वर आकडा आला तर बाहेरची लाइन ठणठणीत आहे, ऑपरेटरशी भांडण नको. पण आकडा ९४-९५ ला येऊन थांबत असेल, तिन्ही वेळा तिथेच, तर कुठेतरी १०० चं लॅन पोर्ट किंवा खराब वायर आहे. लॅनच्या वायरीत आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला त्यांतल्या चारच लागतात, १००० ला आठही लागतात. टोकाच्या प्लगमध्ये एक जरी तार नीट दाबली गेली नसेल, तरी यंत्र काहीही न सांगता १०० वर उतरतं. विंडोजमध्ये नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड पाहा. तिथे १०००/१००० हवं. १०० दिसलं तर आधी कारखान्यात बनलेली कॅट-६ वायर लावून बघा. तरीही १०० च राहिलं, तर लॅपटॉपचं पोर्ट हजाराचं आहे का ते तपासा. ते असेल, तर राउटरचंच पोर्ट १०० चं आहे. अशा राउटरवर ३०० चा प्लॅन घेतला तरी वायरीवर ९४ च मिळणार. तेव्हा प्लॅन नको, राउटर बदलून मागा.

आता फोनवरच्या ४० बद्दल. वायफाय दोन पट्ट्यांत चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. तुमचा फोन बहुधा २.४ वर जोडलेला आहे. एका अँटेनाच्या साध्या फोनला त्या पट्ट्यात कागदावर ७२ एमबीपीएस मिळतात, हातात पडतात ३५ ते ५०. म्हणजे ४० हा दोष नव्हे, ती त्या पट्ट्याची कुवत आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झला वेगवेगळी नावं द्या आणि फोन ५ वाल्याला जोडा. २.४ वर जी यंत्रं राहतील त्यांच्यासाठी चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्यांनी कमी वापरलेलं निवडा आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. मधलं ३ किंवा ८ नंबरचं चॅनल घेतलं तर दोन्हीकडचा गोंगाट पदरी पडतो.

माडीवर मात्र ५ गिगाहर्ट्झ पोचणार नाही, मध्ये आरसीसीचा स्लॅब आहे. खालून वर एक कॅट-६ वायर न्या आणि तिथे ॲक्सेस पॉइंट (वायरीतून आलेलं नेट वायफायने पसरवणारं यंत्र) लावा. दुकानदार सॉकेटमध्ये खोचायचा रिपीटर (राउटरचं वायफाय पकडून पुढे पाठवणारा) पुढे करेल. स्वस्तातला रिपीटर ज्या पट्ट्यात ऐकतो त्याच पट्ट्यात बोलतो, त्यामुळे वेग निम्मा होतो. लोक तो नेमका जिथे सिग्नल नाही तिथेच लावतात, मग तो निम्मा करणार तरी कशाचं? लावायचाच असेल तर जिन्याच्या मधल्या वळणावर, जिथे राउटरचा सिग्नल अजून चांगला आहे तिथे लावा. आणि राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात किंवा फ्रिजवर ठेवला असेल तर तो आजच हलवा.

जाता जाता एक हिशेब : डाउनलोड होताना संगणक एमबी दाखवतो, प्लॅन एमबीपीएसमध्ये असतो. आठ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला एक एमबी. १५० च्या प्लॅनवर सेकंदाला १७-१८ एमबी उतरत असतील तर पूर्ण वेग मिळतोय.

प्रश्न : जूनपासून नेट हळू होतं, मग चार-चार दिवस जातं. उन्हाळ्यात तक्रार नसते. घर जांभ्या दगडाचं आहे. वायरमन येतो, राउटर बंद-चालू करतो, जातो.
– जांबोटी, ता. खानापूर

उत्तर : इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकमेकींत मिसळू देऊ नका.

पहिली बाहेरची. फायबरमधून वीज नाही, प्रकाश येतो, आणि तो किती पोचतो हे मोजता येतं. राउटरच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल किंवा पॉन नावाचा भाग असतो, त्यात ‘आरएक्स पॉवर’ (पोचलेला प्रकाश) म्हणून डेसिबलच्या मापात उणे आकडा दिसतो. पान उघडत नसेल तर वायरमनकडच्या पॉवर मीटरवर बघायला मागा. उणे १५ ते उणे २४ असेल तर काळजी नाही. उणे २५ च्या पुढे गेला तर लक्ष ठेवा, आणि उणे २७ च्या आसपास बहुतेक यंत्रांची मर्यादा संपते. दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो. म्हणजे उन्हाळ्यात उणे २१ असलेली लाइन पावसात उणे २७ झाली, तर चौथाईच प्रकाश पोचतोय. मर्यादेशी आलेली लाइन एकदम मरत नाही. काही पाकिटं (डेटाचे छोटे तुकडे) खराब पोचतात, ती पुन्हा मागवावी लागतात, आणि तेच तुम्हाला ‘हळू’ म्हणून दिसतं. पुढे ‘लॉस’चा (एलओएस, म्हणजे सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकायला लागतो. तेव्हा राउटर बंद-चालू करून काहीही होणार नाही, प्रकाशच येत नाहीये.

पावसात हे का होतं? झाडांतून गेलेली वायर फांदीच्या वजनाने ताणली जाते आणि खांबाच्या हुकावर तिला चिमटा बसतो. साध्या फायबरला ३ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण चालत नाही, तिथून प्रकाश बाहेर गळतो. जॉइंट बॉक्सचं झाकण सैल असेल तर आत पाणी आणि चिखल जातो. सगळ्यांत कच्चा दुवा म्हणजे हाताने बसवलेला ‘फास्ट कनेक्टर’. त्यात दोन काचेची टोकं नुसती एकमेकांना टेकवलेली असतात. ओल आणि हिसके यांनी ती सरकतात. त्याऐवजी मशिनने वितळवून जोड, म्हणजे स्प्लायसिंग, करायला सांगा. चांगल्या स्प्लाइसमध्ये ०.१ डेसिबलही जात नाही.

वायरमनला तीन गोष्टी सांगा. वायर घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथून गळून जाईल. वायरीतली पोलादी तार बाहेरच हुकाला बांधून कापायची, ती घरात आणायची नाही, कारण विजेचा लोळ तिच्यातून आत येऊ शकतो. आणि हिरव्या तोंडाचा कनेक्टर हिरव्यातच बसवायचा. हिरवा आणि निळा जोडला तर दोघांची टोकं वेगळ्या कोनात घासलेली असल्यामुळे जोड नीट बसत नाही. उघड्या फायबरच्या टोकात कुणीही डोळा लावून बघू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करतो.

दुसरी गोष्ट घरातली. जांभ्याची भिंत जाड असते, तिच्यात छिद्रं असतात आणि पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते. ओली भिंत वायफाय जास्त पिते. आरएक्स पॉवर चांगली असूनही आतल्या खोलीत नेट हळू असेल, तर ते भिंतीचं काम आहे. त्यावर उपाय एकच : आतल्या खोलीपर्यंत लॅनची वायर.

प्रश्न : घरातच चार माग आहेत. माग सुरू झाले की नेट जातं, तीन-चार मिनिटांनी येतं. मोटारींमुळे फायबर खराब होतं का?
– वडगाव, बेळगाव

उत्तर : नाही. फायबरला मोटारीचा उपद्रव होत नाही. (तुमच्याकडे अजून तांब्याची टेलिफोन लाइन असती तर होऊ शकला असता.) तीन-चार मिनिटं हा राउटर पुन्हा सुरू व्हायला लागणारा वेळ आहे. सेटिंगच्या पानावर ‘अपटाइम’ बघा. माग सुरू केल्यावर तो शून्यापासून मोजायला लागला असेल तर वीज हेच कारण.

मोटार सुरू होताना एरवी चालताना लागणाऱ्या करंटच्या पाच ते सात पट ओढते आणि क्षणभर व्होल्टेज पडतं. नवा अडाप्टर ते सहन करतो, बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट असंच लिहिलेलं असतं. जुन्यात कपॅसिटर सुकतात आणि व्होल्टेज एवढं पडलं की तो बंद पडतो. आधी अडाप्टर बदला. वर जे व्होल्ट लिहिले असतील तेच घ्या, अँपिअर तेवढे किंवा जास्त. १२ व्होल्ट १ अँपिअरच्या जागी १२ व्होल्ट २ अँपिअर चालतो, उलट चालत नाही. राउटरचं सॉकेट मागांच्या लाइनवर ठेवू नका.

राउटरचा छोटा यूपीएस घेतलात तर लोडशेडिंगचाही प्रश्न सुटेल. ८,८०० एमएएच लिहिलेल्यात आतल्या ३.७ व्होल्टच्या हिशेबाने सुमारे ३२ वॉट-तास असतात. राउटर ९ वॉट घेत असेल तर खरे तीन तास धरा, डब्यावर काहीही छापलेलं असो.

आणि राउटर मागांच्या खोलीतून बाहेर काढा. सुताचा तूस त्याच्या जाळीत बसतो, तो तापतो, आणि तापलेला राउटर हळू चालतो.

प्रश्न : सकाळी १०० चे १०० मिळतात, रात्री नऊनंतर १० ते १५. ऑपरेटर म्हणतो, तुमच्या घरातलाच दोष.
– निपाणी

उत्तर : घरातला दोष घड्याळ बघून येत नाही. तरी हे सिद्ध करून द्यावं लागेल.

सात दिवस, सकाळी सहाला आणि रात्री साडेनऊला, वायर लावून मोजा आणि वहीत तारीख, वेळ, वेग, आरएक्स पॉवर असे चार रकाने लिहा. वेग मोजताना सर्व्हर आपोआप निवडू देऊ नका. बऱ्याचदा तो ऑपरेटरच्या स्वतःच्या जाळ्यातलाच निवडला जातो. तिथपर्यंत रस्ता मोकळाच असतो. मुंबई किंवा बेंगळूरूचा सर्व्हर हाताने निवडा. शिवाय विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘ट्रेसर्ट ८.८.८.८’ चालवा, आज्ञा रोमन अक्षरांत (tracert 8.8.8.8). ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता, आणि ही आज्ञा तिथपर्यंतच्या वाटेवरचा एकेक टप्पा आणि लागणारा वेळ दाखवते. पहिली ओळ तुमचा राउटर, तिथे एक-दोन मिलिसेकंद असावेत. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपासून सकाळी ५ आणि रात्री ८० दिसत असतील, तर गर्दी तुमच्या घराबाहेर आहे. आरएक्स पॉवर दोन्ही वेळा तीच असेल तर फायबरही निर्दोष. उरतो तो ऑपरेटरने वरून घेतलेला बँडविड्थ, जो सगळं गाव रात्री एकदम वापरतं.

एक शक्यता आधीच काढून टाका : महिन्याच्या अमुक तारखेपासून दिवसभरच वेग पडत असेल, तर डेटाची मर्यादा संपली आहे. बऱ्याच ‘अमर्याद’ फायबर प्लॅनमध्ये ती महिन्याला ३,३०० जीबी असते.

तक्रार नोंदवून डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्याच. नुसत्या फोनवरच्या बोलण्याला किंमत नाही. मोठ्या कंपन्यांकडे तक्रार सुटली नाही तर अपील करता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. त्यानंतर केंद्राच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभाग निवडून तक्रार टाका आणि वहीच्या पानांचे फोटो जोडा. कॉल सेंटरवर मराठी बोलणारं कुणी भेटलं नाही तरी हे आकडे कुठल्याही भाषेत तेच राहतात, म्हणून ते लिहून ठेवण्याचा आमचा एवढा आग्रह.

प्रश्न : वेग ४० पूर्ण दाखवतो, पण मुलीचा ऑनलाइन वर्ग सारखा अडकतो. दुकानाचे चार कॅमेरे याच नेटवर आहेत.
– चिकोडी

उत्तर : अपलोड, म्हणजे तुमच्याकडून बाहेर जाणारा वेग, किती आहे ते बघा. २ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सुमारे २ एमबीपीएस वर पाठवतो, चार कॅमेरे ८. अपलोड १० चा असेल तर मुलीच्या आवाजाला आणि चेहऱ्याला २ उरले, आणि तेवढ्यात फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला की तेही गेले. अपलोड भरला की डाउनलोडही अडतो, कारण आलेल्या प्रत्येक पाकिटाची पोच वरच पाठवायची असते. वर्ग चालू असताना कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिंग ८.८.८.८’ (ping 8.8.8.8, उत्तर यायला लागणारा वेळ) चालवून बघा. कॅमेरे बंद असताना ३० मिलिसेकंद आणि चालू असताना ३०० च्या वर असेल तर दोष सापडला.

कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग घरच्या डीव्हीआरवर किंवा मेमरी कार्डवर ठेवा, क्लाउडवर फक्त कमी दर्जाचा सब-स्ट्रीम पाठवा आणि एच.२६५ (व्हिडिओ जास्त दाबून लहान करणारी पद्धत) निवडा. फोटोंचा बॅकअप रात्रीवर टाका. राउटरमध्ये क्यूओएस (कुणाला किती वेग द्यायचा ते ठरवणारी सोय) असेल तर अपलोड मोजलेल्या वेगाच्या ८५ टक्क्यांवर बांधा.

प्रश्न : घरापासून दीडशे मीटरवर आमचाच गोठा आहे, तिथे कॅमेरा लावायचाय. लॅनची वायर टाकली, तर चालतं-बंद पडतं.
– उचगाव

उत्तर : लॅनच्या वायरीची मर्यादा १०० मीटर आहे, त्यामुळे दीडशेवर असंच होणार. शिवाय तांब्याची वायर उघड्यावरून नेली तर वळवाच्या पावसात जवळ वीज पडली की दोन्ही टोकांची यंत्रं जळतात. ती काढून टाका. बाहेर वापरायची, धातूची तार नसलेली दोन कोअरची (आत दोन काचतारा असलेली) सिंगल-मोड फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (लॅनच्या वायरीला फायबर जोडणारी यंत्रं) घ्या, एक घरी, एक गोठ्यात. टोकं स्प्लाइस करून घ्या. फायबर थोडी जास्त घ्या आणि उरलेलं वेटोळं ताटाएवढं मोठं ठेवा, मुठीएवढं नको.